बारा डब्यांची पारख

कालगुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया
१२ मार्च १९७८

विश्रामदादा,

परदेशी स्टॅम्प बघून घरात सगळे कोड्यात पडले असतील. मी इनास, वसईचा इग्नेशियस तुस्कानो. ठाण्याला बेहरामशेठच्या बंदुकांच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेला.

माझा धाकटा भाऊ पायस गेल्या महिन्यात ठाण्याच्या पोस्टात गेला होता. खिडकीमागच्या मुलीचं आडनाव वाचून त्याने विचारलं, "बंदूकवाले विश्राम पेडणेकर तुमचे कोण?" ती म्हणाली, "वडील." तिच्याकडूनच त्याला पत्ता मिळाला. तुमचा राहिलेला डोळाही आता अधू झालाय आणि पत्रं सुमेधाच वाचून दाखवते, असंही तिने सांगितलं. म्हणजे सुमेधा, हे तू वाचते आहेस. शाळा सुटली की दप्तर घेऊन तू सरळ वर्कशॉपमध्ये यायचीस आणि लोहचुंबकाने जमिनीवरचा कीस गोळा करायचीस. आठवतं का?

सात वर्षांत मी एकही पत्र लिहिलं नाही, दादा. इथे आलो, बदलत्या शिफ्ट लागल्या, घर दोनदा बदललं. राहून गेलं.

मी इथे सोन्याच्या खाणीच्या मेंटेनन्स वर्कशॉपमध्ये फिटर आहे. जोसेफिन हॉस्पिटलात नर्स आहे. मुलगी विनिफ्रेड आठ वर्षांची. मी मराठीत हाक मारली की "कमिंग, डॅड" म्हणते आणि येत नाही. गाव म्हणजे लाल माती, पत्र्याची छपरं, आणि रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हात करावा लागतो. पर्थ सहाशे किलोमीटर लांब आहे. पिण्याचं पाणीसुद्धा तिकडूनच पाइपाने येतं.

आता मुद्द्याचं. इथे एक रायफल क्लब आहे. दर शनिवारी अर्वोला, म्हणजे दुपारनंतर, गावाबाहेरच्या माळावर तीनशे यार्डांवर निशाणबाजी चालते. क्लबचा सेक्रेटरी मर्व्ह हॅलेट आमच्याच खाणीत आहे, लिफ्टचं इंजिन चालवतो. त्याने मला कानस चालवताना पाहिलं आणि विचारलं, "हे तू कुठे शिकलास, मेट?" मी ठाण्याचं नाव सांगितलं. ते त्याला काय कळणार? पण त्याच शनिवारी तो मला क्लबात घेऊन गेला. तिथे गोरा नसलेला मी एकटाच. कोणी वाकडं बोलत नाही, पण माझ्या हातात कप देताना जरा मोठ्याने आणि सावकाश बोलतात.

क्लबात नवे सभासद वाढलेत आणि रायफली कमी पडतात. पूर्वेकडचा एक व्यापारी लष्कराच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीचे सुटे भाग डबा भरून विकतो. बॉडी, बॅरल, बोल्ट, चाप, लाकूड, सगळं एका डब्यात. आपण जोडायचं आणि पोलिसांत नंबर नोंदवायचा. नव्या रायफलीच्या मानाने फार स्वस्त. मर्व्हने क्लबसाठी असे बारा डबे मागवलेत. ते आले की मी बघायचे आणि कुठले बांधण्याजोगे ते सांगायचं, असं ठरलंय.

मी हो म्हणून बसलो. पण दहा वर्षांत मी या कामाला हात लावलेला नाही. सुरुवात कुठून करू? तुम्ही सांगाल तर बरं होईल.

श्यामलावहिनींना नमस्कार.

तुमचा
इनास


कालगुर्ली
२ जुलै १९७८

विश्रामदादा,

तुमचं पत्र आलं. अक्षर सुमेधाचं, पण पहिल्याच ओळीत तुमचा आवाज ऐकू आला. "स्वस्त माल वाईटच असतो असं नाही. तो काय लपवतोय ते आधी बघ." मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच तीनदा वाचलं. जोसेफिन म्हणाली, "कोणी गेलं का?" म्हटलं, "नाही, कोणीतरी परत आलं."

तुम्ही लिहिलंत तसंच केलं. डबे शेडमध्ये एका रांगेत मांडले आणि प्रत्येकावर खडूने नंबर घातला. मर्व्ह खुर्ची घेऊन समोर बसला. उघडण्याआधी मी एकेक डबा हलवून पाहिला. "काय करतोस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "ज्याने बोल्ट आणि बॅरल कागदात न गुंडाळता एकत्र टाकलेत, त्याने आतलं बघितलेलंसुद्धा नाही." पाच डबे खडखडले.

मग स्क्रूंच्या खाचा. मर्व्हला ते फार आवडलं. खाच चेपलेली, कडा उडालेल्या, म्हणजे आधी कोणा धसमुसळ्याचा हात लागून गेलाय, आणि त्याने बाहेर हे केलं तर आत काय केलं असेल. त्यानंतर चकाकी. तिसरा डबा उघडल्यावर मर्व्ह खूश झाला, सगळं काळंभोर, नव्यासारखं. मी भिंग त्याच्या हातात दिलं. नव्या काळ्या रंगाखाली गंजाचे खड्डे होते, घासून उथळ केलेले. मर्व्ह भिंग परत देईना.

बॅरलमधून उजेडाकडे बघताना मला आपल्या वर्कशॉपची पूर्वेची खिडकी आठवली. तुम्ही मला पहिल्या महिन्यात बॅरलला हातच लावू दिला नव्हता. नुसतं खिडकीशी उभं राहून नळीतली सावली बघायला लावायचात. "सरळ आहे?" "आहे, दादा." "परत बघ." तिसऱ्यांदा बघितल्यावर सावली मध्येच किंचित मोडलेली दिसायची, आणि तुम्ही दुसरी बॅरल हातात द्यायचात. मी वसईहून वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणायचो आणि वहिनी डब्यातून कुळथाची पिठी पाठवायच्या. त्या चवीची पिठी मी नंतर कुठे खाल्ली नाही. इथे कुळीथ घोड्यांना तरी मिळतात की नाही, देव जाणे.

शेवटी गेज लावलं. सुमेधा, तुला म्हणून सांगतो. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे केसाएवढीच जागा उरली पाहिजे. जास्त उरली तर काडतूस मागून फाटतं आणि जळता वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. ती जागा मोजायला पोलादाचा एक छोटा तुकडा असतो, त्याला गेज म्हणतात. ते आत घालून बोल्ट बंद झालाच नाही पाहिजे. झाला, तर रायफल बाद.

तीन शनिवार लागले. बारापैकी चार डबे चांगले निघाले. पाच, सहा, नऊ आणि अकरा. आठ बाद.

मर्व्हने बाद केलेली रांग पुन्हा मोजली. "आठ?" तो म्हणाला. "अरे, त्यातले तीनचार तर केसाच्या फरकाने गेलेत. शी'ल बी राइट, मेट." चालून जाईल, हे इथल्या लोकांच्या तोंडी सारखं असतं. मी म्हटलं, "केसाच्याच फरकाने जातात." तो हसला नाही. पुढच्या मीटिंगला विषय काढणार आहे.

तुमच्या डोळ्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. आता कानसही हातात घेत नाही, एवढी एकच ओळ आहे. असं का, दादा? हातांना काय झालंय?

इनास


कालगुर्ली
२६ नोव्हेंबर १९७८

विश्रामदादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. सुमेधा, पुढचं वाचण्याआधी दादांना नीट बसव, आणि वहिनी घरात असतील तर त्यांनाही बोलव.

क्लबची मीटिंग झाली. पंधरा माणसं होती. मर्व्ह म्हणाला की बाद डब्यांमधले चार तरी बांधायला हरकत नाही, नवे सभासद महिनोन्‌महिने थांबलेत. वळून त्याने मला विचारलं, "तू फक्त तपासून सही कर. तुझ्या गेजवर बोल्ट जरासा बंद होतो, एवढंच. कोणाला काय होणार आहे?" बाकीचे माझ्याकडे बघत होते. मला क्लबात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सही केली असती तर सगळे खूश झाले असते. मी म्हटलं, "नाही करणार." मागून एक म्हातारा म्हणाला, "एवढी खात्री कशी काय बाबा तुला?"

तेव्हा मी सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, उभं राहून. ठाण्यात १९६६ साली आम्ही जुन्या भागांतून दहा रायफली बांधल्या. माझे उस्ताद प्रत्येक रायफल गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतः गोळी झाडून बघायचे, कारण फुटायची तर दुसऱ्याच्या तोंडाशी नको, असं म्हणायचे. सात नंबरच्या रायफलीत काडतूस फाटलं आणि त्यांचा उजवा डोळा गेला. शेवटची तपासणी माझ्याकडे होती. मी त्या दिवशी गेज लावलंच नव्हतं.

मग मर्व्हने आठही डबे परत पाठवण्याचा ठराव लिहिला.

मी घरी आलो आणि माझ्या लक्षात आलं की बारा वर्षं जे तुम्हाला सांगितलं नाही, ते मी पंधरा परक्या माणसांना सांगून आलो. तुम्ही हॉस्पिटलात पट्टी बांधून पडला होतात आणि सगळ्यांना सांगत होतात की तुमच्याच हाताने बोल्ट सैल बसला. मी कॉटशेजारी सुकेळीचा पुडा घेऊन उभा होतो. तुम्ही माझा हात चाचपून धरलात आणि म्हणालात, "तू जिवाला लावून घेऊ नको, इनास." मी मान हलवली. ती तुम्हाला दिसली नसणार.

घाई होती, दादा. शेठला रायफली त्याच दिवशी हव्या होत्या. गेज लावायचं राहून गेलं. सात वर्षं पत्र लिहिलं नाही त्याचं कारण शिफ्ट नव्हती.

माफी मागतो. मिळावी असं काही केलेलं नाही, हेही मला ठाऊक आहे.

इनास


कालगुर्ली
१५ एप्रिल १९७९

विश्रामदादा,

तुमचं उत्तर पाच महिन्यांनी आलं. चार ओळींचं. ती चार वाक्यं मला पाठ झाली आहेत.

"गेज लावलं नाहीस हे खरं असेल. पण सात नंबरचा बोल्ट मी स्वतः तीनदा बसवून, गेज लावून बघितला होता. तू नंतर गेज न लावल्याने नीट बसलेला बोल्ट सैल होत नाही. मग तो सैल कसा झाला, तेवढंच लिही."

लिहितो.

रायफली काळ्या करायला दिल्या होत्या तेव्हा दहाही बोल्ट काढून माझ्या टेबलावर आले. प्रत्येकाला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधला होता, त्यावर रायफलीचा नंबर. मी एकेक पुसून तेल लावत होतो. चार आणि सातच्या तारा सुटल्या आणि दोन्ही बिल्ले ट्रेमध्ये पडले. मला वाटलं, कुठला कुणाचा ते मला माहीत आहे. मी बांधले. मनात शंका आली होती, खोटं कशाला बोलू. गेज लावलं असतं तर लगेच कळलं असतं. पण चुकलं असतं तर उठून तुमच्यासमोर यावं लागलं असतं आणि म्हणावं लागलं असतं, दादा, मी बिल्ले मिसळले. त्याच सकाळी तुम्ही शेठना सांगितलं होतं की इनासचं काम आता बघायला लागत नाही. मी तिथेच उभा होतो. म्हणून गेज लावलं नाही. घाई नव्हती. चारच वाजले होते.

चहा झाला आणि तुम्ही सात नंबर झाडून बघायला मागच्या दगडखाणीकडे गेलात.

तुम्हाला शेठच्या गाडीतून नेल्यावर सगळे मागोमाग गेले. मी एकटा वर्कशॉपमध्ये राहिलो. चार नंबरची रायफल उचलली आणि बोल्ट बंद करून बघितला. बंद होईना. तो सातचा बोल्ट होता, तुम्ही सातसाठी बसवलेला. चारला लांब पडत होता. म्हणजे चारचा आखूड बोल्ट तुमच्या सातमध्ये गेला होता. तेव्हा मला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून तपासायला माणूस येणार होता. चार नंबर बंद होत नाही हे त्याने बघितलं असतं तर बिल्ले बदललेत हे उघड झालं असतं. मी तुमच्या टेबलावरची कानस घेतली, तो बोल्ट व्हाइसमध्ये धरला आणि चारमध्ये बसेपर्यंत घासला. कीस फुंकून टाकला. तुमची कानस पुसून जागेवर ठेवली.

त्या माणसाने नऊ रायफली तपासल्या. नऊही ठीक निघाल्या. म्हणून त्याने लिहिलं की दोष फक्त सातमध्ये, आणि तो बसवणाऱ्याच्या हाताचा.

तुमचा हात चुकला नव्हता, दादा. सातचा बोल्ट सातमध्ये बरोबर बसला होता. तो मी घासून नाहीसा केला.

सोबत हेच सगळं इंग्रजीत आणि मराठीत लिहून, इथल्या जस्टिस ऑफ द पीससमोर, म्हणजे सह्या प्रमाणित करणाऱ्या मानद मॅजिस्ट्रेटसमोर, सही करून पाठवतोय. ते शेठच्या मुलाला दाखवा, ठाण्याच्या रायफल क्लबात वाचा, काय वाटेल ते करा. जोसेफिनला मी काल सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी आपल्या लग्नात तुझा हात धरून तुला चर्चपर्यंत आणलं होतं." मला ते आठवतंच.

उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

इग्नेशियस


कालगुर्ली
९ मार्च १९८०

प्रिय सुमेधा,

तुझं पत्र पोचलं. दादांनी तुला लिहायला सांगितलं नव्हतं, तरी तू लिहिलंस, म्हणून हे तुझ्या नावाने पाठवतो.

दादांनी माझं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, असं तू लिहितेस. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुला माळ्यावर चढवून कानशींची पेटी काढायला लावली. एकेक कानस अंगठ्याने चाचपून गंज लागलेल्या बाजूला काढल्या. आणि आता रोज सकाळी जांभळी नाक्यावरच्या कुलूपवाल्याकडे जाऊन बसतात, हाताने चाचपून किल्ल्या घासतात. गिऱ्हाइकं म्हणतात, पहिल्या फटक्यात लागते. हे वाचून मी शेडमध्ये जाऊन बसलो. एकच धंदा येणारा माणूस बारा वर्षं स्वतःच्या हातांना घाबरून घरी बसून होता. डोळा गेला तो गेलाच. पण ही बारा वर्षं मी नेली.

त्यांनी ते निवेदन ठाण्याच्या क्लबात वाचायला लावलं, हे बरं केलं. आणि माझं नाव घरात काढायचं नाही असं सांगितलं, तेही बरोबर आहे.

म्हणूनच तुझ्या पत्रातला शेवटचा भाग मला कळायला वेळ लागला. गेल्या आठवड्यात जेवताना ते आपणहून म्हणाले, "त्याने चार पास केल्यात म्हणतो. मला त्या ऐकायच्या आहेत." तू विचारलंस, कशा? ते म्हणाले, "बॉडी सुटी करून सुतळीला टांगायची आणि लाकडी मुठीने हलकेच वाजवायची. टेपवर घेऊन पाठव म्हणावं."

हे त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये ते कधीकधी एखादी बॉडी बोटावर टांगून टिचकी मारायचे, पण मला वाटायचं, सवय आहे.

इथे उन्हाळ्यात रेंज बंद असते, त्यामुळे चारही रायफली सफाईसाठी माझ्याकडेच सुट्या करून ठेवल्या होत्या. काल विनिफ्रेडचा टेपरेकॉर्डर मागून घेतला. तिने विचारलं, "व्हॉट आर यू रेकॉर्डिंग?" मी सांगितलं. तिने मायक्रोफोन धरायला मदत केली आणि नंबर तिनेच मराठीत म्हटले. पाच, सहा, नऊ, अकरा. सहाला ती "साहा" म्हणते, तेवढं सांभाळून घ्या. प्रत्येक बॉडी पाच वेळा वाजवली आहे. मधे कुठे पोपट ओरडतोय, तो बाहेरच्या झाडावरचा.

मला चौघींचा आवाज सारखाच वाटला.

कॅसेट सोबत आहे. उन्हात ठेवू नकोस.

इग्नेशियसकाका


कालगुर्ली
२० जुलै १९८०

विश्रामदादा,

तुम्ही माझं नाव घरात काढायचं नाही असं सांगितलंय. तरी हे तुमच्याच नावाने लिहितो, कारण हे कामाचं आहे. सुमेधाने वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचा निरोप तीन आठवड्यांपूर्वी मिळाला. "पाच, सहा, अकरा ठीक. नऊ मुकी आहे, घुमत नाही. तिला चीर आहे. कोणी झाडत असेल तर थांबवा."

तोपर्यंत रायफली जोडून क्लबात गेल्या होत्या. नऊ नंबर मर्व्हकडे होती. चारांत तीच उत्तम नेम देत होती, म्हणून त्याने स्वतः वापरायला ठेवली होती.

खरं सांगतो, मला पटलं नाही. मी नऊला तीनदा गेज लावलं होतं, इंच न्‌ इंच भिंगाखाली बघितलं होतं. मनात आलं, टेप खराब झाली असेल. सुतळी भिंतीला घासली असेल. साडेसात हजार किलोमीटरवरून, पोपटाच्या ओरडण्यातून, कोणाला काय ऐकू येणार? असं करत जेवण झालं, भांडी झाली. मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय. उठून कोणासमोर तरी जायला लागू नये म्हणून कारणं शोधतोय.

तसाच मर्व्हच्या घरी गेलो. अंधार पडला होता, तो अंगणातल्या दिव्याच्या उजेडात पाणी घालत होता. मी म्हटलं, "नऊ नंबर मला परत दे. मी पास केलेली चुकीची असू शकते."

"थट्टा करतोस," तो म्हणाला. "एवढी चांगली रायफल माझ्याकडे कधी नव्हती. कोण म्हणतं?"

"माझे उस्ताद. त्यांनी टेपवर ऐकली."

"ज्यांचा डोळा गेला, ते?"

"तेच. आता दुसऱ्याने पण नीट दिसत नाही."

मर्व्हने नळ बंद केला. आत गेला आणि रायफल घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर दोघं खाणीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. आमच्याकडे दगड फोडायच्या यंत्राचे भाग तपासायला एक लाल रंग असतो. भाग स्वच्छ करायचा, रंग लावायचा, थांबायचं, पुसून टाकायचा आणि वर पांढरी भुकटी फवारायची. चीर असली तर तिच्यात शिरलेला रंग भुकटीत वर येतो. आम्ही नऊची बॉडी सुटी करून तिला रंग लावून पुसला, भुकटी फवारली आणि उभे राहिलो. एक मिनिट काहीच नाही. मर्व्ह म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?"

मग डाव्या बाजूला, बोल्ट जिथे अडकतो त्याच्या मागे, लाल रेघ उमटायला लागली. आधी ठिपका, मग केसासारखी रेघ, नखाएवढी लांब. आम्ही बघत असतानाच ती जरा जाड झाली.

मर्व्ह खाली बाकावर बसला. म्हणाला, "दोन सीझन मी याच्यामागे तोंड ठेवून पडलोय."

मी म्हटलं, "पास मी केली होती." तो म्हणाला, "माहीत आहे." रागावला नाही, आणि समजूतही घातली नाही.

शनिवारी क्लबात त्याने रायफलींचं रजिस्टर उघडलं. नऊ नंबरवर आडवी रेघ मारली. बाद, कारण चीर. पुढे तपासणाऱ्याच्या रकान्याशी येऊन थांबला आणि मला विचारलं, "नाव कसं लिहायचं त्यांचं?" मी एकेक अक्षर सांगितलं. त्याने मोठ्या, सावकाश अक्षरात लिहिलं. व्ही. पेडणेकर, ठाणे, इंडिया. मग पेन माझ्यापुढे केलं. त्याखाली, आधी चुकून पास करणाऱ्याच्या जागी, मी माझं पूर्ण नाव लिहून सही केली.

इनास